उशाकडची भिंत

घरातल्या सगळ्या भिंतींना चुना सारखाच लागतो, पण सगळ्यांचे नशीब सारखे नसते. सोप्याच्या भिंतीला पाहुण्यांची नजर मिळते, देवघराच्या भिंतीला उदबत्तीचा धूर मिळतो आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला फोडणीचा वास व दुधाचा हिशेब. उशाकडच्या भिंतीची गोष्ट मात्र चमत्कारिक आहे. ज्याचा पलंग तिला टेकलेला असतो, तो तिच्याकडे पाठ करून बसतो आणि तिच्याकडे डोके करून झोपतो. आयुष्याचा एक तृतीयांश भाग माणूस जिच्या आधाराने काढतो, ती भिंत त्याला दिसतच नाही! तरीही घर नवे बांधले, मुलाचे लग्न झाले किंवा दिवाळीची रंगसफेदी उरकली, की 'पलंगाच्या वर काय लावायचे?' हा प्रश्न घरोघर उभा राहतो आणि त्यावर, ज्यांना त्या पलंगावर झोपायचे नसते, तीच माणसे अधिक हिरिरीने बोलतात.

खरे म्हणजे आमच्या भागात हा प्रश्न फार जुना नाही. आमच्या लहानपणी झोपण्याची अशी वेगळी खोलीच नव्हती. रात्री माजघरात वळकट्या उलगडायच्या आणि सकाळी त्या गुंडाळून कोपऱ्यात रचायच्या. पलंग असलाच तर घरात एक, आणि तो घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा. कानडीत पलंगाला 'मंच' म्हणतात. आपल्या पोथ्यापुराणांतला 'मंचक' तो हाच. आपल्या बोलण्यातून तो गेला आणि शेजारणीच्या घरी सुखरूप राहिला.

तसबिरी टांगायच्या त्या सोप्यात. तुळईच्या खाली, एका ओळीत, माथा पुढे झुकवून. आधी देव, मग राष्ट्रपुरुष, मग घरातले वाडवडील. त्या पुढे कललेल्या असायच्या त्यालाही कारण होते. माणसे जमिनीवर बसत, तसबिरी उंच असत. सरळ टांगल्या तर खाली बसलेल्याला काचेवर नुसती उजेडाची चमक दिसायची. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, म्हणून भिंत बांधतानाच तिच्यात लाकडाचा ठोकळा बसवून ठेवीत. थोडक्यात, तसबीर कुठे लागणार हे घर बांधतानाच ठरायचे. पुढच्या पिढीने फक्त चित्र बदलायचे, जागा नाही.

आणि चित्रे तरी कुठली? राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला आणि राजवाड्यातली शकुंतला, दमयंती, लक्ष्मी, सरस्वती सामान्यांच्या घरी आल्या. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक ठसे, वर चकचकीत वार्निश. हौशी बायका त्या चित्रांतल्या देवींना खरी जर, टिकल्या आणि मोती चिकटवून नटवीत. पुढे कॅलेंडरांचा जमाना आला. दीनानाथ दलाल जन्मले १९१६ साली मडगावात, रघुवीर मुळगावकर १९१८ साली गोव्यातच, आणि एस. एम. पंडित १९१६ साली गुलबर्ग्यात. म्हणजे मराठी घरांच्या भिंती ज्यांनी रंगवल्या, ते हे तिघेही आजच्या नकाशात महाराष्ट्राच्या कडेबाहेरच्या मुलखातले! दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. दिवाळी अंक वाचून झाला, की त्यातले रंगीत चित्र ब्लेडने हळूच कापून चौकटीत बसवायचे, ही त्या काळची रीतच होती. संपादक मंडळी क्षमा करोत. अंकाचे मजकूर रद्दीत गेले, चित्रे भिंतीवर राहिली.

हे सगळे आठवण्याचे निमित्त घरातलेच. २०२२ साली थोरल्याचे लग्न झाले. सून धारवाडची, घरची भाषा कानडी. मराठी ती समजून घेते, बोलताना मध्येच अडते आणि हसते. वरच्या मजल्यावरची खोली दोघांसाठी रंगवून घेतली, सहा फुटी पलंग आला आणि उशाकडची भिंत मोकळी राहिली. लगेच उमेदवार उभे राहिले. सौ.च्या मनात राधाकृष्णाची मोठी तसबीर होती. थोरल्याच्या मित्रांनी लग्नाचा फोटो तीन फूट रुंद करून आणला होता. माझ्या आईने दोसुतीवर फुलीच्या टाक्याने भरलेली राघूमैनेची जोडी ट्रंकेतून बाहेर आली. आणि सुनेने माहेराहून दोन वस्तू आणल्या होत्या: एक, तिच्या आजीच्या इरकली लुगड्याचा कसुती भरलेला तुकडा, दुसरी, काच लावलेली जुनी तसबीर. अंधारात उभी असलेली एक मुलगी, हातात दिवा, ज्योतीपुढे धरलेला दुसरा हात, आणि बोटांच्या फटींतून पाझरणारा तांबूस उजेड.

ती तसबीर पाहताच सौ. म्हणाली, "अगं, ही तर आमच्या माहेरी सोप्यात होती! रविवर्म्याची!" सून म्हणाली, "नाही हो अत्ती, हे म्हैसूरचं. आमच्या अज्जीनं म्हैसूरच्या ट्रिपात घेतलेलं."

दोघीही खरे तेच सांगत होत्या, फक्त निम्मे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. पण ते रविवर्म्याचे नव्हे. रविवर्मा १९०६ साली गेला. हे जलरंगातले चित्र त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी काढलेले. चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म १८८२, गाव सावंतवाडी. १९४५ च्या दिवाळीत त्यांनी आपल्या मुलीला, गीताला, हातात दिवा घेऊन येताना पाहिले आणि चित्र सुचले, अशी हकीकत सांगतात. तीच मुलगी चित्रासाठी उभी राहिली. पुढे ती कोल्हापुरात नांदली आणि शंभरी ओलांडून २०१८ साली गेली. दिवाळीच्या एका संध्याकाळची ती पणती कर्नाटकातल्या आणि महाराष्ट्रातल्या किती घरांत तेवत राहिली असेल, कोण मोजणार!

हे मी सांगत असताना वडील दारात खुर्ची घेऊन बसले होते. त्यांचे वय तेव्हा सत्त्याऐंशी. सीमासत्याग्रहात त्यांनी हिंडलग्याचा तुरुंग पाहिलेला. कानडी त्यांना उत्तम येते. बसवरची पाटी वाचतात, पण कंडक्टरला विचारायचे ते मराठीतच. नातवाचे लग्न ठरले तेव्हा ते हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते. अक्षता टाकून आले होते, इतकेच. त्यामुळे सुनेच्या माहेरची तसबीर पलंगावर धरून थोरला 'इथे लावू का?' असे विचारू लागला, तेव्हा खोलीतली सगळीच जरा गप्प झाली. प्रश्न खिळ्याचा राहिला नव्हता.

वडील थोडा वेळ चित्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माणूस आपला, भिंत त्यांची. आणि आता चित्र त्यांचं, भिंत आपली. बरं आहे की." मग सुनेकडे वळून, मी त्यांच्या तोंडून घरात कधी न ऐकलेल्या कानडीत, त्यांनी तिला काहीतरी विचारले. ती हसून "हौद्री अज्जा" म्हणाली. काय विचारले ते दोघांनीही आम्हांला सांगितले नाही.

"पण डोक्यावर लावू नका," वडील म्हणाले. सौ.ने माझ्याकडे पाहिले. ते पुढे म्हणाले, "काच आहे, जड आहे. झोपल्या माणसाच्या डोक्यावर काच कशाला? आणि डोक्यावरचं दिसतंय कुणाला? तुरुंगात माझ्या समोरच्या भिंतीवर ओलीचा डाग होता. कधी त्यात हत्ती दिसायचा, कधी किल्ल्याचा बुरूज. तेवढ्यावर रात्री काढल्या. डोक्यामागे काय होतं, ते मला आजही सांगता यायचं नाही. जे बघायचं ते समोर लावा."

एवढे अनुभवाचे बोल कुठल्या सजावटीच्या पुस्तकात मिळतील असे मला वाटत नाही. उशाकडची भिंत ही दारातून आत येणाऱ्याची भिंत आहे. पायथ्याकडची भिंत पडून असणाऱ्याची. आजारी माणूस, बाळंतीण, थकून आलेला माणूस, सकाळी डोळे उघडणारा माणूस, सगळे पाहतात ते समोर. आपण मात्र सगळा खर्च आणि सगळे वाद उशाकडे करतो.

मग निवाडा सोपा झाला. दिवेवाली मुलगी समोरच्या भिंतीवर गेली. तिथेही ट्यूबलाइट काचेत दिसू नये म्हणून तसबिरीची वरची कड बोटभर पुढे कलती ठेवली. सोप्यातली जुनी युक्ती अशी कामाला आली. लग्नाचा फोटो दोघांनी मिळून जिन्यात लावला. राधाकृष्ण खाली आमच्या खोलीत आले आणि सौ.ची मर्जी राखली गेली. पलंगाच्या वर राहिली ती दोन कापडे.

ती दोन्ही जमिनीवर शेजारी ठेवली तेव्हा सून एकदम ओणवी झाली. कसुतीत चार टाके असतात: गावंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गावंती आणि मुरगी मागून-पुढून सारखेच दिसतात, गाठ म्हणून कुठे सापडत नाही. मेंथी म्हणजे मेथी. हा टाका फुलीफुलीने भरत जातो. आईच्या राघूवर बोट ठेवून ती म्हणाली, "हा तर आमचा मेंथी!" कापडाचे धागे मोजत दोन बायका, एक बेळगावात आणि एक धारवाडात, एकमेकींचे नावही न ऐकता एकच फुली घालीत बसल्या होत्या. एकीने राघू भरले, दुसरीने गोपुर आणि तुळशीवृंदावन.

लावण्याचे काम दोघांनी केले. मी फक्त टेप धरला. शाळेत फळे, नकाशे आणि थोरांच्या तसबिरी टांगून टांगून जे शहाणपण आले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पलंग सहा फुटी असेल तर वरची सगळी रचना मिळून चार ते साडेचार फुटांत बसावी. पलंगाहून रुंद झाली की खोली डोक्यावर आल्यासारखी वाटते. खालची कड उशाकडच्या फळीपासून वीतभर वर असावी. त्याहून उंच नेली तर चित्राचा पलंगाशी संबंध तुटतो, खाली आणली तर टेकून बसणाऱ्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग पडतो. दोन वस्तूंमध्ये तीन बोटांचे अंतर पुरे. भिंतीला हात लावण्यापूर्वी वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे कापून चिकटवावेत आणि दोन दिवस तसेच ठेवावेत. चूक असेल ती कागदातच कळते. प्रत्येक चौकटीला एकाऐवजी दोन खिळे असले, की दार आपटले तरी ती तिरकी होत नाही. आणि आपल्याकडचा पाऊस लक्षात घेऊन मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत. मागून वारा खेळला, तर ओल आणि कसर दोन्ही दूर राहतात.

आईचे भरतकाम चौकटीत बसवले, पण काचेविना. त्याच्या मागच्या गाठी चौकटीने झाकल्या. कसुतीचा तुकडा सागवानी दांडीला शिवून नुसता सोडला आहे. मागची बाजूही पुढच्यासारखीच असल्यामुळे तिला काही झाकावे लागले नाही.

यंदाही रंगसफेदीसाठी घरोघर तसबिरी उतरतील. भिंतीवर त्यांच्या जागी न विटलेले चौकोन दिसतील आणि जुन्या खिळ्यांना पुन्हा तेच अडकवून टाकण्याचा मोह होईल. त्याआधी एकदा त्या पलंगावर स्वतः आडवे पडून पाहावे. काय दिसते, काय दिसायला हवे, ते कळते. मग हातोडी ज्यांची ती खोली त्यांच्या हाती द्यावी, आणि आपण खुर्ची घेऊन दारात बसावे.