दरज

फुटक्या टाइल्स पोत्याच्या भावाने मिळतात. मोरबीचा ट्रक भंडाऱ्यात रिकामा होताना काही पेट्या आपटतातच. तो माल दुकानाच्या मागच्या अंगाला ढीग लावून ठेवलेला असतो आणि आम्ही चायना मोझेकवाले त्या ढिगाचं गिऱ्हाईक. असं पोतं घरमालकासमोर गच्चीवर ओतलं की त्याचा चेहरा पडतो. कारध्यातल्या एका काकाजींनी तर तोंडावरच विचारलं, "मिस्त्री, हे भंगार मांडाचे पैसे घेता का तुमी?" मी म्हटलं, "काकाजी, भंगार फुकट समजा. मधातल्या जागेचे पैसे द्या."

त्यांना ती थट्टा वाटली. पण तुकडा कोणीही उचलून ठेवेल. दोन तुकड्यांमध्ये दरज किती सोडायची हे हाताला कळायला वर्षं जातात. तुकडे एकमेकांना खेटून बसले तर मधे सिमेंट उतरतच नाही. वरून पांढरंशुभ्र दिसतं, खाली पोकळ राहतं, आणि पहिल्या पावसाचं पाणी नेमकं तिथून वाट काढतं. दरज रुंद झाली तर आमच्याकडच्या मे महिन्यात तिच्यातलं सिमेंट तडकतं. सगळा खेळ दोन-तीन मिलिमीटरचा.

त्याआधी स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करावा लागतो. विटा मसाल्यात बसवायच्या, मधल्या जागा भरायच्या आणि पाणी जायच्या पाइपाकडे उतार काढायचा, दहा फुटांना साधारण सव्वा इंच. रेती वैनगंगेचीच, पण चाळून घेतलेली. कोबा झाला की कडेने बांध घालून गच्चीत पाणी भरून ठेवायचं. खालच्या खोलीत ओल उतरली नाही, तरच पुढे जायचं. घरमालकाला याच दिवसांत घाई सुटते. म्हणून पाणी भरलं की मी दुसऱ्या गावचं काम धरतो. वाद घालायला समोर नसलेलं बरं.

तुकडे लावताना उकिडवं बसून मागे मागे सरकायचं असतं. हात पोहोचेल तेवढाच ओला मसाला पसरायचा, त्यावर सिमेंटचा घोळ द्यायचा आणि एकेक तुकडा दाबत जायचं. तुकड्याची फुटकी कड शेजारच्या फुटक्या कडेला लावून बघतो. एकीचा फुगवटा दुसरीच्या खोलगटात गेला की दरज आपोआप सारखी येते. कारखान्याची सरळ कड कुठेच जुळत नाही. ती मी भिंतीकडे वळवतो. एवढं झालं की लाकडी थापीने ठोकायचं. ठोकता ठोकता घोळ दरजेतून वर यायला लागतो. जिथे येत नाही तिथला तुकडा उचलायचा आणि खाली मसाला द्यायचा. शेवटी पांढऱ्या सिमेंटने दरजा भरून लाकडाच्या भुशाने पुसून काढायचं. भुसा वरवरचं सिमेंट ओढून घेतो. नवीन पोरं ओलं फडकं मारतात. त्याने दरजेतलंच सिमेंट बाहेर निघतं. नंतर आठवडाभर पाणी.

कधी कधी मधोमध कमळ काढून मागतात. तेव्हा आधी पाकळीच्या कडेचे तुकडे लागतात, मग पाकळीचं पोट. त्यानंतर बाहेरून, जमिनीच्याच रंगाची एक ओळ पाकळीच्या वळणाने फिरवायची, आणि तिच्या पलीकडे मग कसेही तुकडे मांडा. ती एक ओळ चुकवली तर कमळ जमिनीत विरून जातं, कारण आडव्यातिडव्या दरजा थेट पाकळीवर येऊन आदळतात. हे मला वडिलांनी शिकवलं. पुढे रोमन लोकांच्या जुन्या मोझेकचे फोटो बघायला मिळाले. माणसाभोवती, माशाभोवती, घोड्याभोवती तीच ओळ! त्यांच्याकडे दगडाचे बारीक चौकोनी तुकडे होते, आमच्याकडे टाइलची खापरं. पण पंचाईत एकच आणि तोडही एकच. इटलीतल्या राव्हेन्नाच्या चर्चमध्ये, सहाव्या शतकात, कारागिरांनी सोनेरी काचेचे तुकडे मुद्दाम थोडे तिरपे बसवले. उजेड प्रत्येक तुकड्यावरून वेगळा परततो आणि भिंत चमचमते. भिंतीवर ते शोभतं. गच्चीवर तुकडा तिरपा राहिला तर कुरड्या वाळत घालणारी बाई तळपाय धरून माझ्या दारात येईल.

वडील गच्चीपेक्षा जमिनीचं मोझेक जास्त करायचे. फिरोजशा सिधवा यांनी १९२२ मध्ये भारत टाइल्सचा कारखाना काढला, स्वदेशीच्या ओढीने. तेव्हापासून मोठ्या शहरांत सिमेंटच्या देशी तयार फरश्या मिळू लागल्या. आमच्या बाजूला मात्र पुढेही कितीतरी वर्षं घरातच जमीन ओतत. सूत धरून पट्ट्या उभ्या करायच्या, चौकटी पाडायच्या आणि त्यांत संगमरवराच्या चिप्स, सिमेंट आणि रंग यांचा माल भरायचा. पट्टी बहुतेक काचेची. भंडारा पितळेचं गाव, पण पितळेची पट्टी मी फार थोड्या घरांत पाहिली. इथे पितळ हंड्यात गेलं, जमिनीत घालायला कोणाला परवडलं? माल भरल्यावर वरून मूठमूठ चिप्स पेरून दाबायच्या. लोक हात आखडतात तो इथेच, कारण चिप्स महाग. आणि गंमत अशी की त्या वेळी काहीच दिसत नाही. सगळ्यावर सिमेंटची साय असते. आठवड्याने घासाई सुरू झाली की जमीन वर येते. आधी साठ नंबरचा दगड, मग उघडी पडलेली भोकं त्याच रंगाच्या सिमेंटने भरायची, मग बारीक दगड, सर्वांत शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पॉलिश. मशीन मधे फिरतं. कोपरे आणि पायऱ्या हातानेच घासाव्या लागतात, आणि रेजा बायका तो पांढरा चिखल घमेल्यांनी बाहेर टाकतात. चिप्स दाट पडल्या असतील तर चार भागांतले तीन भाग दगड दिसतो. विरळ असतील तर मधे सिमेंटची मैदानं. तीही दरजच, फक्त ती सुधारायची वेळ गेलेली असते.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगा घरांत शिरली. गाळ उपसल्यावर मला बोलावणी आली ती बहुतेक चकचकीत टाइल्सच्या घरांतून. टाइल्सखाली पोकळ राहिलेल्या जागी पाणी जाऊन बसलं होतं, पाय दिला की टाइल हलायची. वडिलांच्या पिढीने ओतलेल्या जमिनींना फडा, पाणी आणि पुन्हा एकदा पॉलिश एवढंच लागलं. यात मोझेकची फुशारकी नाही. टाइलही खाली पूर्ण मसाला देऊन बसवली तर ती हलत नाही. पण चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल चिकटवायची पद्धत पडली आहे, कारण त्याने काम लवकर उरकतं.

आता मोझेकची फॅशन परत आली म्हणतात. दुकानात चिप्सचं चित्र छापलेली दोन बाय दोनची टाइल मिळते. परवा एका गिऱ्हाइकाबरोबर बघायला गेलो होतो. नमुन्याच्या टाइल्स जमिनीवर मांडलेल्या होत्या. मी त्यांना एक काळी तिकोनी चिप दाखवली, मग तिसऱ्या टाइलवर तीच चिप, तशीच, त्याच कोपऱ्यात. त्यांनी वाकून नीट पाहिलं. हसले, आणि म्हणाले, "मिस्त्री, हे तुमालेच दिसते. भाव सांगा." मी लावणीचा भाव सांगितला, दरज दोन मिलिमीटर धरून.