पहिली गोळी

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी यथातथाच. पण चिंधी, तेल, पुलथ्रू हे शब्द मी परभणीत आल्यावर एनसीसीतच शिकले.

पॉइंट टू-टू रायफल जमा करताना नळीतून तेलाची चिंधी फिरवतात, गंज चढू नये म्हणून. ते हवंच. पण फायरिंगच्या सकाळी नळी कोरडी केली नाही, तर पहिली गोळी भलतीकडेच जाऊ शकते. साधी गोळी शिशाची, वर मेणकट वंगण. चार-दोन गोळ्या गेल्या की नळीत त्याचा एकसारखा लेप बसतो, मग ग्रुप जमतो. तेल राहिलं की घर्षण बदलतं. अगदी चकचकीत पुसलेली नळीसुद्धा सुरुवातीला थोडी रुसतेच! (तांबं काढणारं अमोनियाचं सॉल्व्हंट इथे बिनकामाचं; साध्या शिशाच्या गोळीवर तांबं नसतंच.)

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेने ४५१.४ गुणांनी ब्राँझ जिंकलं. त्या स्पर्धांत तयारीच्या वेळेत हव्या तेवढ्या सायटिंग गोळ्या झाडता येतात. आम्हाला मोजून पाच! निवड ग्रुपिंगवर, आणि पहिल्या डिटेलला आम्ही मुली. माझी चार भोकं रुपयाखाली झाकली गेली, पहिलं बोटभर बाजूला. त्याच रायफलीने दुसऱ्या डिटेलची पाचही एकत्र.

उस्तादांना म्हटलं, आधी दोन गोळ्या मातीत जाऊ द्या ना.

"राउंड का हिसाब कौन देगा?"

तेही खरंच, रिकामी केससुद्धा मोजून परत द्यावी लागते. पण चिंधीचा हिशोब कोणी मागत नाही. पुढच्या कॅम्पला नळीतून ती पांढरी बाहेर येईपर्यंत मी रांगेत झोपणार नाही.