विचारण्यात लाज कसली?

हा लेख आम्ही दोघी बहिणींनी मिळून लिहिला आहे. आमच्यातली मधली अकोल्यात राहते, धाकटी अमरावतीत. मधलीची मुलगी गुड्डी कॉलेजसाठी अमरावतीला खालाच्या घरी असते. तिसरी, म्हणजे आमची मोठी आपा, आता या जगात नाही. हा लेख तिच्यामुळेच लिहावासा वाटला, पण तिच्याकडे आम्ही जरा उशिरा येऊ.

मागच्या हिवाळ्यात गुड्डीने कॉलेजमधून एक कागद आणला. मुलींसाठी तीन दिवसांचे शिबिर होते. विषय लिहिले होते : शरीराची ओळख, मासिक पाळी, विवाह व मातृत्व, लैंगिक आजार, छेडछाड आणि कायदा. खाली पालकांच्या सहीची जागा. धाकटीने कागद वाचला आणि सही मधलीनेच करावी म्हणून अकोल्याला फोन लावला.

फोनवर आमचे चांगलेच वाजले. मधली म्हणाली, "लग्नाआधी पोरीला हे कशाला सांगायचं? आपल्याला कोणी सांगितलं होतं? झाले ना आपले संसार?" धाकटी म्हणाली, "झाले, पण कसे झाले ते तुलाही माहीत आहे." गुड्डीच्या अब्बूंचे म्हणणे आणखी वेगळे होते. त्यांना वाटले, हे सगळे बाहेरून आलेले आहे. आज शरीराची ओळख म्हणतील, उद्या लग्नाशिवाय राहण्याला मोकळीक म्हणतील. आठ दिवस कागद तसाच पडून राहिला.

ही चिंता खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. मुलीच्या आईबापाला ती वाटणारच. आणि ती फक्त आपल्याच घरांत वाटते असेही नाही. २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरून महाराष्ट्राच्या विधिमंडळात केवढा गदारोळ झाला होता आणि सरकारने तो कार्यक्रम थांबवला होता. त्यात सर्व धर्मांचे, सर्व पक्षांचे लोक होते. आपल्या अमरावती जिल्ह्यातले तर अनेकांना आठवत असेल. फेब्रुवारी २०२० मध्ये, व्हॅलेंटाइन डेच्या तोंडावर, चांदूर रेल्वेच्या एका महिला महाविद्यालयातल्या मुलींना प्रेमविवाह करणार नाही अशी शपथ देण्यात आली. हुंडा घेणाऱ्याशी लग्न करणार नाही, हेही त्या शपथेत होते. नुकतेच हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात जाळले गेले होते. लोक घाबरलेले होते, त्या भीतीतून ती शपथ आली असावी. राज्यभर त्यावर टीका झाली. आमचे म्हणणे एवढेच, की जाळणारा मुलगा होता आणि शपथ मुलींना दिली गेली. शिवाय शपथ दिल्याने मुलीला काही समजत नाही. नाही कसे म्हणायचे, त्रास देणाऱ्याची तक्रार कुठे करायची, यातले काहीच तिच्या हाती लागत नाही.

मराठी मुलखात हा वाद तसा जुनाच आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्याला महिलांसाठी विद्यापीठ काढले, ते भारतातले पहिले. त्यांचेच चिरंजीव रघुनाथ कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक सुरू केले. त्यात वाचक शरीरासंबंधी प्रश्न विचारत आणि ते उत्तरे देत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. रघुनाथ कर्व्यांची मते आम्हाला पटतात असे नाही. लग्नाविषयीचे त्यांचे विचार आपल्या दीनशी जुळणारे नाहीत. पण एक गोष्ट लक्षात येते. बापाने मुलींना विद्यापीठ दिले तेव्हा विरोध झाला, तरी हळूहळू समाजाने ते मान्य केले. मुलाने शरीराविषयीच्या प्रश्नांना उत्तरे दिली, तो प्रश्न मात्र शंभर वर्षे होत आली तरी तिथेच आहे.

आम्ही आमच्या मोहल्ल्यातल्या आलिमा बाजींकडे गेलो. दर जुम्याला दुपारी त्यांच्याकडे बायका जमतात. वाटले होते, बाजी सरळ नाही म्हणतील. त्यांनी उलट आम्हालाच विचारले, "तुमच्या निकाहात 'बहिश्ती जेवर' मिळाली होती ना? उघडून पाहिली का कधी?"

मिळाली होती. दोघींनाही. मौलाना अशरफ अली थानवी यांचे हे पुस्तक शंभर वर्षांहून जास्त काळ मुलींच्या जहेजात दिले जाते. हैज, निफास, इस्तिहाजा, गुस्ल यांचे मसले त्यात खुलासेवार आहेत. आम्ही ते मखमली कापडात बांधून कपाटावर ठेवले होते.

मग बाजींनी मदीन्याच्या स्त्रियांची आठवण दिली. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना स्त्रियांच्या गुस्लासंबंधी एक अतिशय खाजगी प्रश्न विचारला होता. विचारताना त्यांनी आधी म्हटले की अल्लाह सत्याच्या बाबतीत लाज बाळगत नाही. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना रागावले नाही, स्पष्ट उत्तर दिले. दुसऱ्या एका बाईने पाळीनंतरच्या स्वच्छतेविषयी विचारले. प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले, पण तिला नीट उमगले नाही आणि आणखी उघड सांगायला त्यांना संकोच वाटला. तेव्हा हजरत आयशा (रजि.) यांनी त्या बाईला आपल्याकडे ओढून घेतले आणि समजावून दिले. अन्सारच्या स्त्रियांची त्यांनी तारीफ केली ती यासाठीच, की दीन समजून घेताना लाज त्यांच्या आड आली नाही.

बाजी म्हणाल्या, "यात सगळं आलं. प्रश्न विचारता येतो, उत्तर देता येतं, आणि बायकांना बायकांनी समजवावं. हया म्हणजे गप्प बसणं नाही."

कुरआनमध्ये सूरह बकराच्या २२२ व्या आयतीत लोकांनी पाळीविषयी विचारल्याचा उल्लेख आहे आणि तिथे उत्तरही आहे. त्या काळी काही लोक पाळीच्या दिवसांत बाईला वेगळे बसवत, तिच्यासोबत जेवत नसत. प्रेषितांनी (सल्ल.) ते मोडले. आजही आपल्याकडच्या काही घरांत मुलीला त्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावू देत नाहीत. हे कुठून आले, याचा विचार करायला हवा.

आता आपाची गोष्ट.

आपाचे लग्न सतराव्या वर्षी झाले. त्या वेळी ते कोणाला लवकर वाटले नाही. लग्नाच्या आदल्या रात्री खालाने तिच्या कानात एवढेच सांगितले, "वो जो बोले, सुनना." बस, तेवढीच तिची तालीम. पुढे पाच बाळंतपणे झाली. पांढरे जाणे, कंबर दुखणे हे बाईच्या नशिबातच असते, असे ती धरून चालली. शेचाळिसाव्या वर्षी तिला महिन्यातले वीस-वीस दिवस रक्त जाऊ लागले. ती तितके दिवस नमाज सोडून द्यायची. रमजानमध्ये रोजे राहिले म्हणून रडायची. आम्हाला म्हणायची, "मेरी तो नमाजही छूट गई." का सुटली, हे आम्हीही खोदून विचारले नाही. आम्हालाही लाज वाटली.

साधी गोष्ट होती. हनफी मसल्याप्रमाणे हैज दहा दिवसांपेक्षा जास्त नसतो. त्यापुढचे रक्त इस्तिहाजा, म्हणजे आजार. हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांनाही असाच त्रास होता. त्यांनी जाऊन विचारले, तेव्हा हे पाळीचे रक्त नाही, नमाज सोडू नकोस, असे त्यांना सांगण्यात आले. आपाने मसला विचारला असता तरी कळले असते की हा आजार आहे. डॉक्टरला विचारले असते तर त्याहून लवकर कळले असते. तिने दोघांनाही विचारले नाही. दवाखान्यात नेली तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बराच पसरला होता. नागपूरच्या फेऱ्या झाल्या, दागिने गेले, दीड वर्षात आपा गेली. शेवटच्या महिन्यातही तिने आम्हाला बजावले होते, "बीमारी का नाम किसीको बोलना नहीं." आज आम्ही बोलतो आहोत. ती माफ करील, अशी आशा आहे.

आपासारख्या किती असतील? गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १०० पैकी ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८. तो अभ्यास आपल्या विदर्भातलाच. पुढे राणीताईंनी तरुण मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' नावाची शिबिरे सुरू केली, ती याच अनुभवातून.

शेवटी कागदावर सही झाली, पण डोळे मिटून नाही. धाकटी कॉलेजात गेली आणि मॅडमना विचारून आली : कोण बोलणार, मुले सोबत बसणार का, आणि आई बसली तर चालेल का? लेडी डॉक्टर बोलणार होत्या, मुलींचे सत्र वेगळे होते आणि आईला मनाई नव्हती. मधली अकोल्याहून सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लक्षणे सांगितली. पाळी नसताना रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, वास येणारे पाणी जाणे, ओटीपोट आणि कंबर दुखणे. मधली उठून बाहेर व्हरांड्यात गेली आणि भिंतीला टेकून रडली. एकेक लक्षण आपाचे होते. वीस वर्षांच्या पोरी जे दहा मिनिटांत शिकल्या, ते आमच्या घरात तीन बहिणींना मिळून माहीत नव्हते.

त्यानंतर कळले की ३० वर्षांपुढच्या बाईसाठी सरकारी दवाखान्यात साधी तपासणी असते. गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे आपल्या घरातल्या सिरक्यासारखेच, लावून पाहतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने झोपडपट्टीतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये हा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी ही तपासणी केल्यावर या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. लहान मुलींसाठी लसही आहे, पुण्यात बनलेली. आम्ही दोघींनी तपासणी करून घेतली, एकीने लेडी हार्डिंगमध्ये, दुसरीने डफरीनमध्ये. अल्लाहचे आभार, दोघी ठीक आहोत.

शिबिरातले सगळेच आम्हाला आवडले असे नाही. लग्नाआधीच्या संबंधांविषयी एक बाई अशा बोलल्या की जणू ती रोजचीच बाब आहे. ते मधलीला खटकले, धाकटीलाही फारसे रुचले नाही. रात्री मधलीने गुड्डीला तसे सांगितले. गुड्डी म्हणाली, "अम्मी, ऐकलं म्हणजे करायचंच असतं का? मला हराम-हलाल तुम्ही शिकवलं, ते मी विसरले का?" युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेतही हेच नोंदवले आहे, की अशा शिक्षणाने मुले लवकर बिघडतात असे जगभरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. पण आम्हाला त्या मार्गदर्शिकेपेक्षा गुड्डीच्या उत्तराने जास्त धीर आला. मोबाइल तर तिच्या हातात आहेच. घर आणि कॉलेज दोन्ही गप्प राहिले तर शिकवणारा तो एकटाच उरतो, आणि तो हराम-हलाल सांगत नाही.

अमरावती विद्यापीठात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांतल्या मुली येतात. त्यांच्या आईवडिलांना आमचे सांगणे आहे, की कागद आला तर फाडू नका. जाऊन विचारा, आईने सोबत बसावे, न पटलेले घरी बोलावे. प्रत्येक कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते. २०१३ चा कायदा आहे. त्या समितीत कोण आहे, हे मुलीला विचारा.

आणि हे फक्त कॉलेजवर सोडून चालणार नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. आपाही तशीच होती. अशा मुली विद्यापीठाच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. त्यांच्यासाठी इज्तेमात, मदरशात, घरात कोणी बोलायचे? मुलांनाही कोणी सांगायला हवे. हजरत खन्सा (रजि.) यांचा निकाह त्यांच्या वडिलांनी मर्जीविरुद्ध लावला, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) तो रद्द केला. बाईच्या मर्जीला एवढी किंमत आहे, हे आपल्या मुलग्यांना निकाहाआधी किती घरांत सांगितले जाते?

आमच्या घरात आता 'बहिश्ती जेवर' कपाटावरून खाली आली आहे. जुम्याच्या दुपारी बाजींच्या बैठकीत शेवटची पंधरा मिनिटे प्रश्नांसाठी असतात. ज्यांना तोंडाने विचारता येत नाही त्या चिठ्ठी टाकतात. दीनचा मसला असला तर बाजी सांगतात, आजार वाटला तर म्हणतात, "उद्या सकाळी दवाखान्यात जा, सोबत कोणी नसेल तर मी येते." मागच्या महिन्यात एका चिठ्ठीत लिहिले होते की मला महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस रक्त जाते, माझ्या नमाजाचे काय? चिठ्ठीवर नाव नव्हते. बाजींनी मसला सांगितला आणि दवाखान्याचेही सांगितले. बैठक उठल्यावर एक बाई मागे थांबली. मधली तिच्यासोबत दुसऱ्या दिवशी लेडी हार्डिंगला गेली.

अल्लाह आमच्या आपाची मगफिरत करो आणि आपल्या लेकीबाळींना विचारण्याची हिंमत देवो. आमीन.