विकणाऱ्याचा काय संबंध?

गृहकर्जातली फसवणूक म्हणजे कर्जदारानं बँकेला लावलेला चुना, अशी माझी वर्षानुवर्षांची समजूत होती. घर विकणाऱ्याचा त्यात काय संबंध? त्यानं सोसायटीची एनओसी आणून द्यावी, दुय्यम निबंधकाकडे अंगठा आणि फोटो द्यावा, पैसे खात्यात आले की किल्ल्या सोपवून मोकळं व्हावं. कर्ज खरेदीदाराचं, तपासणी बँकेची, धावपळ एजंटची. डोंबिवलीचा फ्लॅट विकायला काढला तेव्हाही मी याच मताचा होतो. आज नाही.

सौदा 60 लाखांना ठरला. एजंट बोलायला गोड, कामाला चोख. तो म्हणाला, ‘काका, करारात 75 दाखवू. पार्टीला लोन जास्त बसेल. तुमचे 60 तुम्हाला पूर्ण व्हाइटमध्ये. सगळेच करतात.’

किंमत कमी दाखवून वरचे पैसे रोख घेणं गैर, हे मला ठाऊक होतं. 2015 पासून घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेतली तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. इथं तर सगळं उलट होतं. किंमत जास्त दाखवायची होती आणि मला एक पैसाही जास्त मिळणार नव्हता. ज्यात आपला फायदा नाही त्यात आपला गुन्हा कसला, असंच मला वाटलं.

मत बदललं ते ओसीआरचा कागद हातात आल्यावर. खरेदीदारानं स्वतःचा हिस्सा भरला, याची विकणाऱ्यानं द्यायची ही पावती. तिच्यावर छापलं होतं, ‘रुपये 15,00,000 मिळाले.’ खाली माझं नाव आणि सहीसाठी मोकळी रेघ. हे 15 लाख माझ्या खात्यात येणार आणि मी ते रोखीनं परत करणार, असा बेत होता.

मी हिशेब मांडून पाहिला. गृहकर्ज 30 ते 75 लाखांच्या दरम्यान असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. म्हणजे 60 लाखांच्या घराला 48 लाख; उरलेले 12 लाख खरेदीदारानं घालायचे. करारात 75 लाख लिहिले की 80 टक्के होतात बरोबर 60 लाख. अख्खं घर बँकेच्या पैशात! हप्ते थकले, तर लिलावात बँकेचे पैसे सुटणं कठीण. खरेदीदार प्रामाणिक असला तरी 12 लाखांच्या जादा कर्जाचे हप्ते त्याच्या संसारावर वीस वर्षं बसणार. आणि हे सगळं ज्या कागदाच्या आधारावर उभं राहणार, त्यावर सही माझी.

बँकेला फसवायला विकणाऱ्याची साथ लागते, हे मला तिथं कळलं. चौकशी झाली तर खोटी पावती देणारा फसवणुकीत सामील धरला जाऊ शकतो. शिवाय भांडवली नफा 75 लाखांवर मोजला जाणार आणि खात्यातून काढलेल्या रोख 15 लाखांचा जाब मलाच विचारला जाणार. मी नकार दिला. नंतर फ्लॅट 58 लाखांना गेला. दोन लाख कमी आले, त्याची मला खंत नाही.

एजंटांबद्दलचं मतही यातूनच बदललं. पूर्वी मला वाटायचं, फारसे प्रश्न न विचारता काम उरकतो तो चांगला एजंट. दुसऱ्या व्यवहारातल्या एजंटनं मूळ करारनामा स्वतःकडे घेतलाच नाही. तो मी थेट बँकेत दाखवला. झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर त्यानं मला आडवं लिहायला लावलं: कशासाठी दिली, कोणाला, कोणत्या तारखेला. त्याच झेरॉक्सवरून बनावट संच करून दुसरीकडे कर्ज उचलता येऊ नये, म्हणून ही काळजी.

आता ओळखीचे लोक विचारतात, ‘एजंटचा महारेरा नंबर पाहिला की झालं ना?’ नंबर जरूर पाहा, पण महारेराची सक्ती मुख्यतः नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे. जुन्या सोसायटीतल्या फेरविक्रीत तेवढ्यावर विसंबू नका. ‘माझं स्वतःचं कर्ज फिटलं, आता काय पाहू?’ बँकेनं 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायला हवेत आणि बोजाही उतरवायला हवा. उशीर बँकेमुळे झाला, तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची, असा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. बोजा उतरल्याची खात्री करूनच घर बाजारात काढा.

आणि एक कळकळीची विनंती. करारातला आकडा आणि पावतीतली रक्कम खरी असेल तरच सही करा. ‘सगळेच करतात’ असं म्हणणारा एजंट त्या कागदावर स्वतःची सही करत नाही.