दऱ्यांचा झाला दर्या

सरांनी ३९ पानं पुन्हा टाइप केली. उजव्या हाताच्या एका बोटानं, आठ दिवस बसून. चूक त्यांची नव्हती, पण ती त्यांचीच आहे असं मी त्यांना ठामपणे सांगितलं होतं. २०२१च्या पावसाळ्यातली गोष्ट, अजून सलते.

सर निवृत्त शिक्षक. सह्याद्रीतल्या भटकंतीवरचं त्यांचं पुस्तक मी छपाईसाठी तयार करत होतो. ते ईमेलनं मजकूर पाठवायचे, मी तो उचलून ईमॅक्समध्ये चिकटवायचो. माझं सगळं लिहिणं या एडिटरमध्येच चालतं. तो बराचसा लिस्प भाषेत लिहिलेला आहे, आणि त्यातलं जवळजवळ कुठलंही फंक्शन एडिटर चालू असतानाच बदलता येतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

तिसऱ्या प्रकरणात ‘खोल दऱ्या’ होत्या, त्यांचा ‘खोल दर्या’ झाला. ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’, ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’. मुक्कामात आचाऱ्यांनी केलेलं पिठलं माझ्या पडद्यावर आचार्यांनी केलं होतं. मी स्वतः टाइप केलेल्या तळटीपांत मात्र हेच शब्द धड दिसत होते. तीन फॉन्ट बदलून पाहिले, फरक पडेना. मग सरांना फोन लावला. म्हटलं, “सर, तुमच्या कीबोर्डात गडबड आहे, र्‍यातला र नीट उमटत नाहीये.” ते म्हणाले, “असं होय? मग करतो पुन्हा.” एका शब्दानं वाद घातला नाही.

आठ दिवसांनी नवी फाइल आली. चिकटवली, तर पुन्हा दर्या.

तेव्हा कुठे मी त्यांची मेल फोनवर उघडून पाहिली. तिथे दऱ्या शाबूत होत्या. म्हणजे शब्द मोडत होता तो उचलणं आणि चिकटवणं यांच्या मधे, माझ्याच घरात. दऱ्यांमधला हा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर. माझा कीबोर्ड पहिली वापरतो, सरांचा दुसरी. दोन्ही बरोबर. ते अदृश्य चिन्ह गळालं की र वर जाऊन रफार होतो.

ईमॅक्समध्ये कंट्रोल-एच आणि मग एफ दाबलं की फंक्शनची माहिती मिळते. चिकटवण्याचं काम करणाऱ्या ‘इन्सर्ट-फॉर-यँक’ची माहिती काढली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की या फंक्शनवर ॲडव्हाइस आहे. पुढे मीच ठेवलेलं नाव. २०१९ साली कुठून तरी उचललेल्या कोडमध्ये असली अदृश्य चिन्हं आली आणि प्रोग्राम चालेना, म्हणून वैतागून ‘ॲडव्हाइस-ॲड’च्या चार ओळी लिहिल्या होत्या : चिकटवण्याआधी अशी सगळी चिन्हं काढून टाक. लिहिल्या आणि विसरलो.

ॲडव्हाइस म्हणजे सल्ला : फंक्शनच्या मूळ कोडला हात न लावता त्याचं वागणं बाहेरून बदलायचं. १९६६ साली एमआयटीतल्या प्रबंधात वॉरन टाइटलमन यांनी ही कल्पना मांडली, तेव्हापासूनचं हे नाव. मला ते पटत नाही. सल्ला नाकारता येतो. इथे फंक्शनला कोणी विचारत नाही, आणि त्याच्या मूळ कोडमध्ये या बदलाची एक खूणही नसते. शिवाय बदल एका ठिकाणापुरता नसतो, जो जो ते फंक्शन बोलावेल त्या सगळ्यांना भोवतो. ईमॅक्सचं मॅन्युअलच बजावतं, की शक्य तिथे हुक वापरा, म्हणजे बाहेरचा कोड जोडायला मुद्दाम ठेवलेली जागा. ॲडव्हाइस लक्षात राहिला नाही तर चूक शोधणारा गोंधळतो. मी ते वाचलेलं होतं. म्हणून सांगतो : ॲडव्हाइस लिहाल तर लॅम्डा, म्हणजे निनावी फंक्शन, देऊ नका, त्याला नाव द्या, आणि शेजारी तारीख आणि कारण लिहून ठेवा. चिकटवलेला मजकूर बदलायला २०२३च्या २९व्या आवृत्तीपासून रीतसर सोयही आहे, ‘यँक-ट्रान्सफॉर्म-फंक्शन्स’ नावाची. पण ती असती तरी मी जॉइनर उडवलाच असता. माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा कोड होता, मराठी नव्हती.

सरांना फोन करून सगळं सांगितलं. हुक, लिस्प त्यांना काही कळलं नसावं. त्यांनी एकच विचारलं, “म्हणजे माझं पहिलं बरोबर होतं ना?”

“हो सर.”

“मग ठीक.”

त्या रात्री मी सगळे ॲडव्हाइस काढून टाकले. महिन्याभरात दोन परत आले, आज सात आहेत. प्रत्येकाला नाव आहे, तारीख आहे. त्यांच्याशिवाय तो एडिटर मला माझा वाटत नाही.