देवी गेल्या, भयही गेले

‘देवी आल्या’ हे शब्द ऐकताच एके काळी घर स्तब्ध होई. आज आम्हांस त्यांचा अर्थ मुलांस समजावून द्यावा लागतो. देवीची लस १८०२ साली मुंबईत आली, परंतु देशातील अखेरचे रोगी आढळले ते १९७५ साली. लस होती, ती घरोघर नेणारी व्यवस्था उभी राहिली, तेव्हाच रोग हटला. पण दृष्टीआड झालेल्या रोगाचे भय मावळते आणि लस टोचणे उद्यावर पडते. गोवर याच आळसाची वाट पाहत असतो. त्याची पहिली लस आपल्याकडे नऊ महिने पुरे झाल्यावर देतात. तोवर तान्ह्या बाळाचे रक्षण भोवतालच्या टोचलेल्या मुलांकडूनही व्हावयाचे. म्हणून लस वेळेवर टोचविण्यास आम्ही शेजारधर्म समजतो.