पौंडामागे एक पेनी

वेल्समधल्या कार्डिफ शहरातून ऱ्होंडा खोऱ्यात जसजसं वर जावं, तसतसे घरांचे भाव उतरत जातात. शहरात दोन बेडरूमच्या फ्लॅटला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात वर ट्रिऑर्की गावात तीन बेडरूमचं दगडी घर येतं. रेल्वेने अंतर तासाभराचं. म्हणूनच शहरात नोकरी करणारे आमच्यासारखे काही जण इथे राहायला आले.

स्वस्ताईचं कारण जमिनीखाली आहे. १९१३ साली दक्षिण वेल्समधून साडेपाच कोटी टनांहून जास्त कोळसा निघाला. खाणकामगारांसाठी डोंगरउतारावर एकाला एक लागून घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९८४-८५चा त्यांचा संप मोडला गेला, खाणी भराभर मिटल्या आणि डिसेंबर १९९०मध्ये ऱ्होंडातली शेवटची मार्डीची खाणही बंद झाली. घरं राहिली, काम गेलं. आता लिलावात घरं घेऊन भाड्याने देणारे बाहेरचे लोक येतात. इथल्याच पगारावर जगणाऱ्या तरुणाला मात्र हे स्वस्त घरही जड जातं.

माझं मूळ गाव सांगली जिल्ह्यात, विट्याजवळ. तिथे कोळसा नव्हता आणि पाणीही नव्हतं. दुष्काळाला कंटाळून खानापूर, आटपाडी, तासगाव आणि सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावची माणसं गलाईच्या धंद्यात शिरली. जुने दागिने वितळवायचे, सोनं-चांदी शुद्ध करून द्यायची. एकाने भावाला नेलं, भावाने मेहुण्याला. आज देशातल्या बहुतेक मोठ्या सराफ पेठांत आपला गलाईवाला भेटतो. ऱ्होंडातही असंच घडलं होतं. इटलीतल्या बार्डी या डोंगरी गावातून एकामागोमाग एक कुटुंबं आली आणि खाणकामगारांच्या वस्त्यांत त्यांनी कॅफे काढले.

गलाईच्या पैशातून आमच्याकडे गावोगाव बंगले उठले. ते कष्टाचे आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण यात्रा आणि लग्नसराई सोडली तर बरेचसे बंद असतात. एखाद्यात म्हातारे आई-वडील, एखाद्यात राखणदार. बांधायला लागला तेवढा पैसा देणारं गिऱ्हाईक गावात मिळणार नाही, आणि विकायचा तर कुणालाच नसतो.

ट्रिऑर्कीत घरं लहान, भाव कमी, पण जवळजवळ प्रत्येक घरात माणूस आहे. इथे गरिबी आहे, दीर्घ आजारपणं आहेत, तरी गाव मोडलं नाही. याची मुळं मला ‘पार्क अँड डेअर’ या इमारतीत दिसतात. खाणकामगारांनी मजुरीतल्या दर पौंडामागे एक पेनी देऊन आपलं वाचनालय आणि सभागृह उभारलं. खाणी गेल्या, पण तिथलं नाट्यगृह आजही चालू आहे. १८८३ साली सुरू झालेला गावातल्या पुरुषांचा गायनवृंद आजही गातो. २०१९च्या पुरस्कारांत इथल्या मुख्य रस्त्याला ब्रिटनमधली सर्वोत्तम बाजारपेठ म्हणून गौरवलं गेलं, कारण लोकांनी गावातली छोटी दुकानं धरून ठेवली. डोंगरापलीकडची ‘टॉवर’ खाण सरकारने १९९४ला बंद केली, तेव्हा २३९ कामगारांनी भरपाईतले प्रत्येकी आठ हजार पौंड घालून ती विकत घेतली आणि १९९५ ते २००८ स्वतः चालवली. शेअर गोळा करून साखर कारखाने उभारणाऱ्या सांगलीकराला यातलं धाडस समजावून सांगावं लागत नाही.

पेनीचा हा हिशेब आपल्याला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. पुढे तिच्या वसतिगृहांतल्या मुलांसाठी घरोघरच्या बायकांनी मूठमूठ धान्य बाजूला काढलं. मुष्टिफंडाच्या त्या धान्यावर शिकलेल्या पिढ्यांनी सातारा-सांगलीचा चेहरा बदलला. तेव्हा लोकांकडे आजच्या मानाने काहीच नव्हतं.

आमच्याकडे आता टेंभू योजनेचं पाणी आलंय. कराडजवळ कृष्णेतून टप्प्याटप्प्याने उचललेलं पाणी खानापूर-आटपाडीच्या शिवारात खेळतंय. पाणी पोचलेल्या जमिनींचे भाव चढलेत. काही तरुण डाळिंब आणि द्राक्षं लावून गावातच राहू पाहतायत. पण शेत पिकलं म्हणून सून गावात नांदायला तयार होत नाही. तिला मुलांसाठी चांगली शाळा लागते, रात्री-अपरात्री डॉक्टर लागतो, पुस्तकं आणि चार माणसांत बसायची जागा लागते. हे एकट्याच्या बंगल्यात बांधता येत नाही.

म्हणून परमुलखातल्या माझ्या गाववाल्यांना कळकळीची विनंती आहे. बंगला जरूर बांधा. पण खर्चाच्या दर शंभर रुपयांमागे एक रुपया गावाच्या अभ्यासिकेसाठी, दवाखान्यासाठी बाजूला काढा. यात्रेला सगळे एकत्र येतात, तेव्हाच्या बैठकीत हा ठराव मी मांडणार आहे. माझा वाटा मी आधी भरेन.